गवेसर काय बघतात

एका जंगलात एक टिटवी राहत होती. थांबा मुलांनो, टिटवीकडे जाण्याआधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे मला मोकळेपणाने दुसऱ्यांना हसता येईल.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचा, केतकीचा, व्हॉलीबॉलचा सामना होता. मी पहिल्या रांगेत, मांडीवर लिंबू सरबताची बरणी घेऊन. चेंडू दणकन जमिनीवर आपटला, शिट्टी वाजली आणि मी उभी राहून जोरजोरात टाळ्या पिटल्या. आमच्या बाजूचं बाकी कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं. शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "ताई, तो पॉइंट समोरच्यांना गेला." मी म्हटलं, "हो का? पण छान मारला हो त्यांनी." चाळिशी कधीच उलटली आहे माझी. असो.

तर टिटवी.

तिचं नाव सगुणा. नदीकाठी, गोट्यांच्या पसाऱ्यात तिचं घर होतं. घर म्हणजे काय, टिटव्या जमिनीवर चार खडे सरकवतात आणि त्यालाच घर म्हणतात. नवरा अंड्यांवर बसायचा, सगुणा राखण करायची. राखण म्हणजे लांबून काहीही येताना दिसलं की ओरडायचं. बैल आला, ओरडायचं. ढग आला, ओरडायचं. वाळकं पान उडत आलं, तरी ओरडायचं. पान काही करत नाही हे तिलाही माहीत होतं. पण आधी ओरडून घेतलेलं बरं, असा तिचा स्वभाव.

टिटव्यांची आणखी एक रीत आहे. त्या झोपताना पाय आभाळाकडे करून झोपतात. आभाळ पडलंच, तर कुणीतरी तोलायला नको का? आजवर ते पडलेलं नाही. टिटव्यांचं म्हणणं, ते आमच्यामुळेच.

सगुणाची थोरली मुलगी भिंगरी. हिला सगळं जंगल ओळखायचं, कारण हिच्या हद्दीत चेंडू पडतच नसे.

या जंगलाला व्हॉलीबॉलचं वेड होतं, हे सांगायचं राहिलं. दोन करंजांच्या मध्ये गुळवेल ताणून बांधली की नेट तयार. चेंडू होता एकच, कुठल्याशा पुरात वाहत आलेला. उडणाऱ्यांनी पंख उघडले की फाऊल. शेपटी नेटला लागली की फाऊल. आणि साळिंदराने चेंडू अंगावर झेलला, की खेळ थांबवून सगळ्यांनी त्याला शिव्या द्यायच्या.

भिंगरी उंचीला एवढीशी. उडी मारली तरी नेटच्या निम्म्यालाही पोचायची नाही. स्मॅश मारणं तिच्या नशिबात नव्हतंच. पण समोरून कुणी कितीही जोरात मारू दे, ही पाठीवर पडायची, पाय वर करायची आणि टप्. चेंडू पुन्हा हवेत. पिढ्यान्‌पिढ्या आभाळाची वाट बघत उताणं पडून राहिलेलं घराणं ते. चेंडू म्हणजे काय, लहानसं आभाळच.

आता भिंगरीला जायचं होतं नदीपलीकडच्या अरण्य विद्यापीठात. मार्कांवर जाणं काही शक्य नव्हतं. टिटव्या चार अंडी घालतात आणि चारपर्यंत मोजतात. त्यापुढे सगळं 'पुष्कळ'. गणिताच्या पेपरात भिंगरीने बहुतेक प्रश्नांचं उत्तर 'पुष्कळ' असं लिहिलं होतं. मास्तरांनी मात्र तिला मोजता येतील इतकेच मार्क दिले.

राहता राहिला खेळाडूंचा कोटा. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर प्रवेश, वसतिगृह आणि दोन वेळचे किडे. नाही झाली, तर पुढच्या उन्हाळ्यात चार खडे सरकवायचे, त्यावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडायचं. भिंगरीला ते नको होतं. तिच्या वाट्याला ते यावं, असं सगुणालाही वाटत नव्हतं. मायलेकींचं या एका गोष्टीवर एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते गवेसर. म्हणजे रानगवा. अंगाने टेकडी, गळ्यात शिट्टी आणि तोंडात कायम रवंथ. बोलायचे अगदी कमी. त्यामुळे जे काही बोलायचे, ते जंगलभर फिरायचं. मागे एका सत्कारात कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, "सर, संघ निवडताना तुम्ही नेमकं काय बघता? उंची, की उडी?"

गवेसरांनी आधी हारातला एक झेंडू खाल्ला. मग म्हणाले, "चेंडू पडल्यावर पोर काय करतं, ते बघतो."

आणि ते उरलेला हार खाऊ लागले.

झालं. तोवर जंगलातली पोरं चेंडू मारायचा सराव करायची. दुसऱ्या दिवसापासून ती पाडायचा सराव करू लागली.

जंगलात एक तरस होता. दुसऱ्याच्या दुःखात हसतो म्हणून त्याला कुणी दारात उभं करत नसे. त्याने हे ऐकलं मात्र, लगेच क्लास काढला. 'चेंडू पडल्यानंतर : व्यक्तिमत्त्व घडवणारा वर्ग'. आणि तरसाचा तरस सर झाला.

क्लासमध्ये शिकवायचे असं, की चेंडू पडला की आधी हसायचं. मग छातीवर पंजा ठेवून म्हणायचं, "माझी चूक." मग शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारायची, आणि चेंडू स्वतः उचलून, मान किंचित झुकवून, समोरच्यांना नेऊन द्यायचा. सगुणाच्या शेजारच्या उंबरावर कमळाबाई वानरीण राहायच्या. त्यांची उल्का हे सगळं इतकं सुंदर करायची, की बघणाऱ्याला वाटावं हिचा चेंडू रोज पडावा.

सगुणाने भिंगरीलाही क्लासला घातलं. आठवडा व्हायच्या आत तरस सरांनी सगुणाला बोलावून घेतलं.

"बाई, तुमच्या मुलीचं जरा अवघड आहे."

"का हो सर? नीट हसत नाही का?"

"हसण्यापर्यंत गाडी येतच नाही. मी चेंडू टाकतो. तो पडायला हवा. तो पडत नाही."

"मग जोरात टाका ना जरा."

"जोरात टाकला. झाडावर चढून टाकला. काल ती पाणी पीत होती, तेव्हा मागून टाकला." तरस सर हे हसत हसत सांगत होते, पण ते सगळंच हसत सांगायचे. "शिवाय इतर पालकांच्या तक्रारी आहेत. त्यांच्या मुलांचे चेंडूसुद्धा ही पडू देत नाही. मुलांचं नुकसान होतंय."

सगुणा भिंगरीला आणि उसना मागितलेला चेंडू घेऊन घरी आली आणि स्वतःच शिकवायला बसली.

"हे बघ, मी टाकते. तू नुसती बघत उभी राहा. तो पडेल. पडला की हास."

तिने चेंडू टाकला. भिंगरी पाठीवर पडली. टप्.

"अगं, एक. एकच पडू दे."

"मी मुद्दाम नाही गं करत आई. पाय आपोआप वर जातात."

"मग पाय बांधू का?"

"बांध."

सगुणाने लव्हाळ्याने तिचे पाय बांधले आणि चेंडू टाकला. भिंगरीने तो डोक्याने उडवला.

अंड्यांवरून नवरा हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "मी काय म्हणतो, चेंडू पडू नये म्हणूनच खेळतात ना हा खेळ?"

"तुम्ही अंड्यांकडे लक्ष द्या," सगुणा म्हणाली. "जग कुठे चाललंय, ते तुम्हाला बसल्या जागी काय कळणार?"

नवऱ्याने अंड्यांकडे लक्ष दिलं.

भिंगरी पायाचं लव्हाळं सोडवत म्हणाली, "आई, एक सांगू? चाचणीला तू ये. पण ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडते?"

तेवढ्यात पळसाचं एक पान गरगरत घराच्या दिशेने आलं. सगुणा केवढ्याने तरी ओरडली. पान तिच्या पायाशी येऊन पडलं आणि पडून राहिलं.

तिघांनी त्या पानाकडे बघितलं.

"बरं," सगुणा म्हणाली. "नाही ओरडणार."

निवड चाचणीच्या सकाळी नदीकाठी सगळं जंगल लोटलं. सगुणा रेषेच्या अगदी जवळ उभी होती. तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिने चोचीत घरचाच एक गुळगुळीत खडा धरला होता. शेजारी कमळाबाई. समोर करंजाच्या सावलीत गवेसर बसले होते, रवंथ करत.

"डावीकडून चावलं की पसंत," कमळाबाई कुजबुजल्या. "उजवीकडून चावलं की नापसंत. मला आतून कळलंय."

सगुणाने मान डोलवली. बोलता येत नव्हतं.

चाचणी सुरू झाली. पहिलीच सर्व्हिस उल्काकडे आली. सोपी, अगदी हातात येऊन बसणारी. उल्काने दोन पावलं बाजूला सरकून ती सन्मानाने पडू दिली. मग ती हसली. छातीवर हात ठेवला. शेजाऱ्याला थाप दिली. चेंडू दोन्ही हातांनी नेऊन दिला. गर्दीतून "वा" असा आवाज आला. गवेसरांनी डावीकडून चावलं.

समोरच्यांना हे कसं सहन व्हावं? सर्व्हिस त्यांचीच होती, आणि ती नीट मारली तर चेंडू पुन्हा उल्काच पाडणार. सशाने विचार केला आणि सर्व्हिस नेटमध्ये मारली. मग तो नेटपाशी गेला आणि नेटची माफी मागितली. यावर साळिंदराला राहवलं नाही. चूक सशाची असली तरी धीर देणं सगळ्यांचं काम आहे, म्हणून त्याने आपल्या संघातल्या एकेकाला घट्ट मिठी मारली. संघ रक्त पुसत हसला.

पुढे पुढे तर काही विचारू नका. एका चेंडूच्या वेळी चूक झाली रानडुकराची आणि अस्वल म्हणालं, "माझी चूक."

"तुझी कशी? माझी आहे," रानडुक्कर म्हणालं.

"मोठेपणा करू नकोस. माझीच."

"मी पाडलाय तो. सगळ्यांनी बघितलंय."

आणि दोघांची अशी जुंपली, की चाचणी मध्येच थांबवून त्यांना सोडवावं लागलं. सोडवल्यावर दोघेही म्हणाले, मारामारी आपण सुरू केली.

गवेसरांचे डोळे मिटले होते.

"चिंतन करताहेत," कमळाबाई म्हणाल्या.

मग भिंगरीला उल्काच्या संघात उतरवलं. आणि मुलांनो, मैदानावर शुकशुकाट झाला, कारण चेंडू पडायचा थांबला. कोपऱ्यात आला, भिंगरी तिथे. नेटजवळ आला, भिंगरी तिथे. बाहेर जात होता, तोही तिने पायाने ओढून आत आणला. टप्, टप्, टप्. तिच्यामुळे बिचाऱ्यांना चेंडू समोर मारावा लागायचा. समोरचे तो घाईघाईने पाडायचे आणि हसून घ्यायचे. सगळा फायदा समोरच्यांचा होत होता.

"अगं सोड ना," उल्का दातांतल्या दातांत म्हणाली, हसू तसंच ठेवून. "तो माझा होता. मी पाडणार होते."

"पाय आपोआप जातात," भिंगरी जमिनीवरून म्हणाली.

इकडे कमळाबाई सगुणाकडे वळल्या. "सगुणाबाई, राग मानू नका. पण मुलीला संघभावना शिकवली नाही का हो घरी? दुसऱ्याच्या चेंडूसाठी एवढं कशाला मरायचं?"

सगुणाच्या चोचीत खडा होता. ती नुसतीच बघत राहिली. चेंडू पडल्यावर पोर काय करतं ते सर बघतात. आणि आपल्या पोरीचा चेंडूच पडेना. सर काय बघणार? कोरी पाटी बघून कुणी पास करतं का? तिला पुढच्या उन्हाळ्यातले चार खडे दिसायला लागले. त्यावर बसलेली भिंगरी दिसली. वाळक्या पानावर ओरडणारी.

"शेवटची सर्व्हिस," गवेसर डोळे न उघडता म्हणाले.

सर्व्हिस अस्वलाची होती. अस्वलाच्या मनातून ती मारामारी गेली नव्हती. त्याने सगळा राग त्या चेंडूवर काढला. चेंडू करंजाच्या वर गेला, घारीच्याही वर गेला, दिसेनासा झाला. सगळे माना वर करून उभे राहिले. मग वरून एक काळा ठिपका निघाला आणि मोठा मोठा होत खाली यायला लागला.

भिंगरी केव्हाच खाली पोचली होती. पाठीवर पडून, पाय वर करून, अगदी बरोबर जागी.

सगुणाने त्या ठिपक्याकडे बघितलं. वरून काहीतरी येत होतं. थेट आभाळातून येत होतं. आणि खाली तिची पोर होती.

चोचीतला खडा कधी पडला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

ती ओरडली. अशी ओरडली, की नदीपलीकडच्या वसतिगृहातली मुलं खिडकीत आली म्हणतात.

आता टिटवीच्या पिल्लांना अंड्यातून बाहेर आल्या आल्या एकच गोष्ट शिकवलेली असते. आई ओरडली, की जिथे असाल तिथे जमिनीला चिकटायचं आणि हलायचं नाही. भिंगरीचे पाय पोटाशी गेले. ती जमिनीला चिकटली. दगडासारखी पडून राहिली.

चेंडू तिच्या कानाशेजारी धप्पकन पडला.

गवेसरांनी डोळे उघडले. तरस सर हळूच ओठ ताणून दाखवू लागले, हास गं, हास. कमळाबाईंनी छातीवर हात ठेवून दाखवला. सगुणाला वाटलं, चला, ओरडले ते ओरडले, पण शेवटी एक पडला तरी. आता हसली की झालं.

भिंगरी उठली. हसली नाही. छातीवर हात ठेवला नाही. कुणाची पाठ थोपटली नाही. चेंडू पायाने ढकलत ढकलत रेषेपर्यंत आली आणि सगुणासमोर उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "तू घरी जा."

आवाज चढला नव्हता. 'पाणी आण' म्हणावं, तसं ती म्हणाली.

"अगं, पण—"

"बाबा एकटे आहेत. वाटेत थांबू नकोस."

मग तिने चेंडू अस्वलाकडे ढकलला, आपल्या जागी गेली आणि म्हणाली, "हं. परत टाक."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. आईला असं बोलतात? तेही चार लोकांत? सरांसमोर? कमळाबाईंनी उल्काला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला, दोघींपैकी कुणालाही गरज नसताना. तरस सर गर्दीला सांगत होते, "ती माझ्या क्लासची नाही. मी आधीच काढून टाकलं होतं."

सगुणा निघाली. उडत गेली असती, पण उडायलाही अंगात बळ लागतं. ती गोट्यांतून चालत चालली होती. आपणच पोरीचं वाटोळं केलं, हे तिला इतकं स्पष्ट कळलं होतं, की रडूसुद्धा येत नव्हतं.

थोड्या वेळाने पायाखालची जमीन हादरायला लागली. मागून कुणीतरी मोठं येत होतं. सगुणाने सवयीने चोच उघडली, आणि मिटली. आज ओरडून झालं होतं.

"तुम्ही भिंगरीच्या आई," गवेसर म्हणाले.

"हो सर. पण ती तशी नाही हो. तोंडाने फटकळ आहे जरा, मनात काही नसतं. माझंच चुकलं. आमच्यात वरून काही आलं की—"

"निघाल्यापासून मागे वळून बघितलंत?"

"नाही."

"झुडपाआड थांबून डोकावलात?"

"नाही हो. ती म्हणाली घरी जा, म्हणून घरी चाललेय."

गवेसरांचा रवंथ थांबला. जंगलात हे कुणी आजवर बघितलं नव्हतं.

"एवढी वर्षं संघ निवडतोय," ते म्हणाले, "असं पहिल्यांदाच ऐकलं."

"म्हणजे?"

"बाई, उडी मला शिकवता येते. सर्व्हिस शिकवता येते. आज बघितलं त्यावरून पोरांना हसणं बंद करायलाही शिकवावं लागेल, तेही शिकवीन. आया मात्र मला शिकवता येत नाहीत. मागे एक चांगली पाणकोंबडी घेतली होती. तिची आई रोज नदी पोहून यायची. माझ्या पोरीला बाकावर का बसवलं? तिलाच चेंडू उचलून का देत नाहीत? वसतिगृहातल्या मुंग्या शिळ्या का? शेवटी संघ मी निवडायचो आणि ती दुरुस्त करायची."

"पण सर, तुम्ही तर चेंडू पडल्यावर पोर काय करतं ते बघता ना? ती तर हसलीसुद्धा नाही."

"चेंडू का पडला, ते तिने बघितलं," गवेसर म्हणाले. "आणि ते घरी पाठवून दिलं."

सगुणाला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर वाईट वाटून घ्यावं की आनंद मानावा, हे ठरवायला आणखी थोडा वेळ लागला.

"म्हणजे निवड झाली?"

"दोघींचीही झाली. ती संघात, तुम्ही घरी. पौर्णिमेला पाठवून द्या." गवेसर वळले आणि पुन्हा चावायला लागले. थोडं पुढे जाऊन थांबले. "पोचवायला येऊ नका."

पौर्णिमेला भिंगरी गेली. सगुणा या काठावर उभी राहिली, चोचीत खडा धरून. पलीकडे टेकल्यावर भिंगरीने एकदाच हाक मारली. सगुणाने ओ दिली नाही. तो खडा तिने किती वेळ धरून ठेवला, ते मोजताना ती चारपर्यंत आली आणि पुढे पुष्कळ झालं.

गोष्ट इथेच संपली असती. पण जंगलात अजून तरस सर होते.

पौर्णिमेचा चंद्र उतरायला लागला नाही, तोवर त्यांनी नवा क्लास काढला. 'आईला घरी पाठवा'. सकाळच्या तुकडीत मुलं. ती थंड आवाजात, आईच्या डोळ्यांत बघून, "आई, तू घरी जा" म्हणायला शिकायची. दुपारच्या तुकडीत आया. त्यांनी मान किती खाली घालायची, पाय किती ओढायचे, आणि पहिल्या वळणापर्यंत मागे कसं बघायचं नाही, याचे धडे. कमळाबाई इतक्या सुंदर निघून जायच्या, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

पुढच्या चाचणीला पहिली सर्व्हिस व्हायच्या आधीच सगळ्या मुलांनी एका सुरात आपापल्या आईला घरी पाठवलं. काठ रिकामा झाला. आया माना खाली घालून पहिल्या वळणापर्यंत गेल्या. वळणावरून करवंदीच्या जाळीमागून फिरून परत आल्या आणि रेषेपाशी उभ्या राहिल्या. न जाणो, सरांचं लक्ष नसलं तर? मुलांनी त्यांना पुन्हा पाठवलं. त्या पुन्हा आल्या. दुपारपर्यंत हेच चाललं होतं. चेंडूला कुणी हात लावला नव्हता. तो पाण्याच्या कडेला पडून होता, आणि त्याच्याशेजारी एक कासवाचं पोर ऊन खात बसलं होतं.

"तुझी आई कुठे आहे?" गवेसरांनी विचारलं.

"माहीत नाही," पोर म्हणालं. "वाळूत अंडी घालून गेली ती गेलीच. आमची ओळख नाही."

"उडी मारता येते?"

"नाही."

"चेंडू आला की काय करतोस?"

"मान आत घेतो."

गवेसरांनी सावकाश, डावीकडून, उजवीकडून, दोन्हीकडून चावलं.

"शिकवता येईल," ते म्हणाले.

तात्पर्य : आईचा शब्द कधी मोडू नये, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. फक्त आई मैदानाच्या रेषेजवळ उभी असेल, तर तिला चार लोकांत, स्पष्ट शब्दांत घरी पाठवावं. वसतिगृह मिळतं. आईच नसेल, तर कप्तानपदही मिळू शकतं.

ही गोष्ट मी काल केतकीला वाचून दाखवली. उद्या तिची विद्यापीठाची निवड चाचणी आहे. ती बुटाला नवी लेस ओवत बसली होती. मी म्हटलं, "बघ, मी शहाणी झाले. उद्या मी मैदानात येणारच नाही. सरबत घेऊन गेटाबाहेर उभी राहते."

तिने लेसची गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाली, "आपल्या घराच्या गेटाच्या आत राहा."